वकील गांधींनी जोहान्सबर्गमध्ये असं ऑफिस उभं केलं, जे ते जेलमध्ये गेल्यावरही चालत राहिलं

10 जानेवारी 1908. जोहान्सबर्गच्या कोर्टात एक वकील आरोपी म्हणून उभा होता. याच कोर्टात त्याने कित्येकदा दुसऱ्यांच्या केसेस लढवल्या होत्या. ट्रान्सवाल सोडून जाण्याचा सरकारी हुकूम मोडला म्हणून त्या दिवशी त्याला दोन महिन्यांची शिक्षा झाली.

हा वकील म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

आता एकट्या वकिलाचं ऑफिस म्हणजे काय असतं हे आपल्याला माहीत आहे. वकीलसाहेब चार दिवस गावाला गेले तरी पक्षकार दुसरीकडे वळतात. इथे तर साहेबच जेलमध्ये गेले होते. पुढच्या दीड वर्षात ते आणखी दोनदा आत गेले. तरीही ऑफिस बंद पडलं नाही. पत्रांना उत्तरं जात होती, हिशेब लिहिले जात होते, लोकांची कामं होत होती.

याचं कारण गांधीजींनी आधीच्या काही वर्षांत जमवलेली माणसं. महात्मा गांधी आपण पुस्तकातून बरेच वाचलेत. पण छोटं ऑफिस थाटून त्यासाठी माणसं शोधणारे वकील गांधी फार कमी जणांना माहीत आहेत. आज त्यांचीच गोष्ट.

आधी स्वतःलाच नोकरी मिळत नव्हती

1891 मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन भारतात परतले आणि मुंबईत प्रॅक्टिस करायला आले. पहिली केस स्मॉल कॉज कोर्टातली, फी 30 रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी दुसरा वकील बघायला सांगून ते खाली बसले.

केस मिळवून देणाऱ्या दलालांना कमिशन द्यायला त्यांची तयारी नव्हती, त्यामुळे कामही मिळेना. मग पोटासाठी त्यांनी एका शाळेत इंग्रजी शिकवायला अर्ज केला. महिना 75 रुपयांची नोकरी होती. शाळेला बीए झालेला माणूस हवा होता आणि गांधीजी बॅरिस्टर असले तरी पदवीधर नव्हते. नोकरी गेली. सहा महिन्यांत मुंबईचा गाशा गुंडाळून ते राजकोटला गेले आणि लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले.

पुढे हाच माणूस दुसऱ्यांना कामावर ठेवताना कागदावरच्या पात्रतेपेक्षा इतर गोष्टी जास्त बघताना दिसतो.

1893 मध्ये दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या कंपनीच्या कामासाठी ते एका वर्षाच्या करारावर दक्षिण आफ्रिकेत गेले. फी होती 105 पौंड आणि येण्याजाण्याचा पहिल्या वर्गाचा खर्च. एक वर्षाचा मुक्काम मध्ये भारतात येऊन जाऊन 1914 पर्यंत लांबला.

तमिळ कारकून आणि बालसुंदरम

1894 मध्ये गांधीजींनी डर्बनला प्रॅक्टिस सुरू केली. सुमारे वीस व्यापाऱ्यांनी वर्षभराचं काम त्यांच्याकडे द्यायचं ठरवलं. दादा अब्दुल्लांनी निरोपाची थैली द्यायचं ठरवलं होतं, त्याऐवजी त्या पैशांतून फर्निचर घेऊन दिलं. इथवर ही फक्त व्यापाऱ्यांच्या वकिलाची गोष्ट होती.

तीन-चार महिने झाले असतील. एक दिवस फाटक्या कपड्यातला एक मजूर हातात मुंडासं धरून ऑफिसात आला. तोंडातून रक्त येत होतं, पुढचे दोन दात मालकाने पाडले होते. नाव बालसुंदरम. तो गिरमिटिया होता, म्हणजे पाच वर्षांच्या करारावर आणलेला मजूर. मालकाला सोडून गेला तर त्यालाच जेल होणार, असा तिथला कायदा.

त्याला फक्त तमिळ येत होतं. गांधीजींच्या ऑफिसातला कारकूनही तमिळ होता. त्यानेच बालसुंदरमचं सगळं म्हणणं गांधीजींना समजावून सांगितलं. गांधीजींनी आधी डॉक्टरचा दाखला घेतला, मग त्याला मॅजिस्ट्रेटसमोर नेलं आणि शेवटी त्याचा करार दुसऱ्या मालकाच्या नावावर करून दिला.

ही बातमी मजुरांमध्ये पसरली आणि डर्बनच्या ऑफिसात गिरमिटियांची रीघ लागली. तोपर्यंत गांधीजींची ऊठबस मुख्यतः गुजराती व्यापाऱ्यांमध्ये होती. तो कारकून तमिळ नसता तर बालसुंदरम काय सांगतोय हे समजायलाच किती वेळ गेला असता. येणाऱ्या लोकांची भाषा बोलणारा एक माणूस टेबलावर असणं किती मोठी गोष्ट आहे, हे आजही तालुका कोर्टाच्या आवारातला कुठलाही वकील सांगेल.

चुकीच्या माणसावर विश्वास

सगळं काही छान चाललं होतं असंही नाही.

डर्बनच्या घरात गांधीजींनी शाळेपासूनच्या एका मित्राला ठेवलं होतं. घराची बरीचशी व्यवस्था तोच बघायचा. ऑफिसचा एक कारकूनही त्याच घरात राहायचा. मित्राला या कारकुनाचा मत्सर वाटू लागला. त्याने असं काही जाळं विणलं की गांधीजींना कारकुनाचाच संशय आला. कारकून स्वाभिमानी होता. आपल्यावर संशय घेतलाय हे लक्षात येताच त्याने घर सोडलं आणि ऑफिसही सोडलं.

पुढे एका स्वयंपाक्याने भरदुपारी गांधीजींना ऑफिसातून घरी बोलावून नेलं, तेव्हा हा मित्र घरात एका वेश्येला घेऊन बसलेला सापडला. गांधीजींनी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं. पण चांगला कारकून गेला तो गेलाच. त्याच्यावर अन्याय झाल्याची बोच गांधीजींना कायम राहिली.

जुनी ओळख आणि लायकी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना असं महागात शिकावं लागलं.

दुसरी किंमत कस्तुरबांनी मोजली. गांधीजी कारकुनांना घरच्यासारखं, म्हणजे खरोखर घरातच ठेवायचे. खोल्यांमध्ये मोरी नव्हती, त्यामुळे मूत्रपात्रं रोज उचलावी लागायची. 1898 च्या सुमारास एक नवीन कारकून राहायला आला, ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्य आईवडिलांचा मुलगा. त्याचं भांडं उचलायची वेळ आली तेव्हा कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काम हसतमुखाने व्हावं असा गांधीजींचा हट्ट होता. भांडण इतकं वाढलं की त्यांनी बायकोला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. पुढे आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी स्वतःच्या वागण्याची लाज बाळगूनच सांगितलाय.

ऑफिसातल्या माणसांना समान वागवायचं हे तत्त्व योग्यच होतं. पण त्याचा भार घरात न विचारता टाकला गेला होता.

जोहान्सबर्ग : टायपिस्ट पाहिजे

मधल्या काळात गांधीजी भारतात आले. 1902 मध्ये मुंबईत पुन्हा प्रॅक्टिसला सुरुवात केली. त्यांनी मुंबईतच स्थिरावावं ही गोपाळ कृष्ण गोखल्यांचीही इच्छा होती. तेवढ्यात आफ्रिकेतून परत या अशी तार आली. 1903 मध्ये जोहान्सबर्गला रिसिक स्ट्रीटवर त्यांनी ॲटर्नी म्हणून ऑफिस थाटलं.

इथे कामाचा व्याप जोरात वाढला. हाताशी चार भारतीय कारकून होते, पण इंग्रजी टायपिंगचा मोठा घोळ होता. टायपिंग येणारे एकटे गांधीजीच. दोघा कारकुनांना त्यांनी शिकवूनही बघितलं, पण इंग्रजी कच्चं असल्याने जमेना. नाताळमधून माणूस आणावा तर परमिटशिवाय ट्रान्सवालमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं.

एकच रस्ता उरला होता, गोरा टायपिस्ट. पण काळ्या माणसाच्या हाताखाली कुठला गोरा काम करणार? गांधीजींना स्वतःलाच खात्री नव्हती. त्यांनी टाइपरायटर विकणाऱ्या एका ओळखीच्या एजंटला विचारलं. त्याने मिस डिक नावाच्या मुलीला पाठवलं. ती नुकतीच स्कॉटलंडहून आली होती.

मुलाखत अगदी थोडक्यात झाली. भारतीय माणसाच्या हाताखाली काम करायला अडचण आहे का, हा पहिला प्रश्न. अजिबात नाही, हे उत्तर. पगाराची अपेक्षा महिना साडेसतरा पौंड. गांधीजींनी लगेच हो म्हटलं आणि त्याच क्षणी पत्रं सांगायला सुरुवात केली.

काही दिवसांतच हजारो पौंडांचे व्यवहार आणि हिशेबाच्या वह्या मिस डिक यांच्या हातात होत्या. लग्न ठरवतानाही त्यांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि लग्नात वडिलांच्या जागी गांधीजीच उभे राहिले. लग्नानंतर त्यांनी काम सोडलं, तरी कामाचा ताण पडला की निरोपावर मदतीला यायच्या.

प्लेग आला तेव्हा

1904 मध्ये जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत न्यूमोनिक प्लेग पसरला. एका दिवसात 23 जण आजारी पडले. एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून तिथे रुग्ण हलवण्यात आले. डॉ. गॉडफ्रे धावून आले. पण जवळ थांबून सेवा करायला माणसं हवी होती.

गांधीजींच्या ऑफिसातले चारही भारतीय कारकून तयार झाले. त्यातल्या कल्याणदासला तर त्याच्या वडिलांनी गांधीजींच्या भरवशावर सोपवलं होतं. या रोगात रुग्णाजवळ जाणं म्हणजे मरणाला बोलावणं होतं. तरी चौघांनी ती रात्र रुग्णांपाशी काढली आणि चौघेही वाचले.

एल. डब्ल्यू. रिच हे आणखी एक सहकारी यायला तयार होते. मात्र त्यांच्यामागे मोठा संसार होता, म्हणून गांधीजींनी त्यांना येऊ दिलं नाही.

वकिलाच्या कारकुनाने हे करावं असं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. गांधीजींनी गोळा केलेली माणसं नुसती पगारी नव्हती, हे त्या रात्री दिसलं. अर्थात तरुण पोरांना असं धोक्यात घालण्याचा हक्क मालकाला असतो का, हा प्रश्नही उरतोच.

रिच गेले, पोलक आले

आता या रिच यांच्याविषयी. ते जोहान्सबर्गच्या एका व्यापारी कंपनीत मॅनेजर होते आणि थिऑसॉफीमुळे त्यांची गांधीजींशी ओळख झाली होती. गांधीजींनी त्यांना सुचवलं की नोकरी सोडा आणि माझ्याकडे आर्टिकलशिप करा. आज सीए होणारी मुलं करतात तशीच ही पद्धत : अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करायचं, परीक्षा द्यायच्या आणि मग स्वतः ॲटर्नी व्हायचं. रिच यांनी कंपनी सोडली आणि गांधीजींच्या डोक्यावरचा बराच भार उचलला.

पण 1905 मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला निघाले. तयार झालेला माणूस सोडून चालला की छोट्या ऑफिसचा कणाच मोडतो. गांधीजींनी त्यांना अडवलं नाही. आणि ते गेले म्हणून तुटलेही नाहीत. 1906 मध्ये लंडनला दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या बाजूने समिती स्थापन झाली, तेव्हा तिचे सेक्रेटरी रिचच होते.

त्यांच्या जागी आले हेन्री पोलक. 1882 चा जन्म, इंग्लंडमधलं ज्यू कुटुंब, जोहान्सबर्गला एका साप्ताहिकात उपसंपादक. दोघांची भेट शाकाहारी हॉटेलात झाली होती. 1904 मध्ये डर्बनच्या प्रवासाला निघालेल्या गांधीजींच्या हातात रस्किनचं अन्टू धिस लास्ट हे पुस्तक ठेवलं ते याच पोलक यांनी. ते वाचून गांधीजींनी फिनिक्स आश्रम काढला आणि पोलक पत्रकारिता सोडून तिथे राहायला गेले.

रिच गेल्यावर गांधीजींनी पोलक यांना जोहान्सबर्गला बोलावून घेतलं आणि आर्टिकलशिपला बसवलं. कायद्याचा गंध नसलेला पत्रकार तीनेक वर्षांत, 1908 च्या सुमारास, ॲटर्नी झाला. बरोबर त्याच वर्षी गांधीजींच्या जेलवाऱ्या सुरू झाल्या. ऑफिसच्या वकिली कामाला वाली होता तो यामुळे.

यात पैशाचाही भाग होता. फिनिक्समधून निघणारं इंडियन ओपिनियन हे साप्ताहिक तोट्यात होतं. एका काळात गांधीजी त्याला महिन्याला 75 पौंड देत होते आणि हा पैसा प्रॅक्टिसमधून यायचा. ऑफिस थांबलं असतं तर पेपरही अडचणीत आला असता.

आगाऊ म्हणून ओळख करून दिलेली मुलगी

मिस डिक यांच्या लग्नानंतर पुन्हा स्टेनो-टायपिस्टची गरज पडली. गांधीजींचे आर्किटेक्ट मित्र हर्मन कॅलनबाख एका 17 वर्षांच्या मुलीला घेऊन आले. नाव सोन्या श्लेसिन, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली. कॅलनबाख यांनी शिफारस करताना काही लपवलं नाही. मुलगी हुशार आणि प्रामाणिक आहे, पण खोडकर आणि उतावळी आहे, सांभाळता आली तर ठेवा, असा त्यांचा सूर होता.

गांधीजी चांगल्या टायपिस्टला महिना 20 पौंड द्यायला तयार होते. कॅलनबाख यांनी 6 पौंडांवर सुरुवात करायला सांगितलं.

कॅलनबाख यांचा अंदाज बरोबर निघाला. मिस श्लेसिन गांधीजींशी वाद घालायच्या आणि चुकलं तर तोंडावर सांगायच्या. पण रात्र-अपरात्र न बघता काम करायच्या. गांधीजींनी पगार वाढवायचं म्हटलं की त्याच रागवायच्या. आपण पगारासाठी नाही, तुमचं काम पटतं म्हणून इथे आहोत, असं त्यांचं म्हणणं. महिन्याला 10 पौंडांच्या वर त्यांनी कधी घेतले नाहीत.

अशा माणसाला टायपिंगपुरतं ठेवणं गांधीजींना पटलं नाही. त्यांनी मिस श्लेसिन यांनाही ॲटर्नी करायचं ठरवलं. 1909 मध्ये आर्टिकलशिपच्या नोंदणीसाठी अर्ज गेला. ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने तो नाकारला, कारण अर्जदार बाई होती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. बाईला ॲटर्नी होता येत नाही, त्यामुळे तिची आर्टिकलशिपही नोंदवता येत नाही, असा निकाल लागला.

दक्षिण आफ्रिकेत बायकांना वकिलीचा दरवाजा उघडला तो 1923 च्या कायद्याने. योगायोग म्हणजे भारतातही तसा कायदा 1923 चाच. त्यासाठी नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना कित्येक वर्षं थांबावं लागलं होतं.

सनद मिळाली नाही तरी मिस श्लेसिन यांची जबाबदारी वाढतच गेली. 1909 च्या मध्याला गांधीजी शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले आणि पोलक भारतात प्रचाराला आले. दोन्ही वकील एकाच वेळी देशाबाहेर. 1913 च्या लढ्यात तर गांधीजी, पोलक आणि कॅलनबाख तिघेही जेलमध्ये होते. तेव्हा पत्रव्यवहार, हजारो पौंडांचा हिशेब आणि कार्यकर्त्यांना सूचना हे सगळं विशीतल्या मिस श्लेसिन यांनी सांभाळलं.

1912 मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले होते. गांधीजींच्या सगळ्या सहकाऱ्यांना ते भेटले. माणसं पारखण्यात गोखल्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी त्या सगळ्यांत, भारतीय आणि गोऱ्यांत मिळून, पहिला नंबर मिस श्लेसिन यांना दिला.

मग गांधीजींनी नेमकं काय केलं?

एक म्हणजे, त्यांच्याकडे कामावर आलेली बहुतेक माणसं त्या कामासाठी तयार नव्हती. पोलक पत्रकार, रिच मॅनेजर, श्लेसिन 17 वर्षांची मुलगी. गांधीजींनी सचोटी आणि काम करायची इच्छा बघितली, बाकीचं शिकवलं.

दुसरं म्हणजे, जबाबदारी लवकर दिली. मिस डिक यांना पैशांचे व्यवहार, पोलक यांना केसेस, श्लेसिन यांना सगळं ऑफिस. आपल्याकडे बरेच वकील आणि छोटे व्यावसायिक इथेच अडकतात. माणूस ठेवतात, पण तिजोरीची किल्ली आणि सहीचा अधिकार शेवटपर्यंत खिशातून काढत नाहीत. मग कामाचा वेग मालकाच्या वेगापुढे जातच नाही.

तिसरं म्हणजे, ऑफिस काय करणार आणि काय नाही हे पक्कं होतं. खोटी केस घ्यायची नाही, हे पक्षकाराला आधीच सांगितलेलं असायचं. एका केसमध्ये पक्षकाराने आपल्याला फसवलंय हे मध्येच कळलं, तेव्हा गांधीजींनी मॅजिस्ट्रेटला केस काढून टाकायला सांगितलं होतं. त्यामुळे साहेब नसताना कुठलं काम घ्यायचं हे हाताखालच्या माणसाला विचारावं लागत नव्हतं.

जुलै 1914 मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिका सोडली. त्याआधीच त्यांनी वकिलीतून अंग काढून घेतलं होतं आणि लंडनहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या रिच यांच्याकडे प्रॅक्टिस सोपवली होती. ज्यांना त्यांनी एकेकाळी न अडवता जाऊ दिलं होतं, तेच ऑफिस सांभाळायला परत आले.

पोलक पुढे लंडनला वकिली करत प्रिव्ही कौन्सिलमधली भारतीय अपिलं चालवू लागले. मिस श्लेसिन यांनी राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि लॅटिनच्या शिक्षिका झाल्या. 1956 मध्ये त्या गेल्या. वकील मात्र त्यांना कधीच होता आलं नाही.